बाहेरून लावायची कडी

आधीच माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. पण परवा रात्री पेंटर काकांनी सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतो.

मी हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. दुकान बंद केलं की आम्ही तिघं-चौघं पायरीवर बसतो. परवा लाइट गेली होती. आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात भित्रा लंब्या, त्यानेच विषय काढला. "काका, भूतबित असतं का हो?"

एरवी काकांनी त्याची टर उडवली असती. परवा नाही.

"माझा एक दोस्त आहे, सुतार. आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो," काका म्हणाले. "आता त्याने काम सोडलंय. का सोडलं ते ऐका."

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे नऊ. मिस्त्री जेवायला बसणार, तेवढ्यात फोन आला. एका घरी पाच वर्षांच्या मुलीला सांभाळायला बाई होती, तिथेच राहायची. तिला सगळे मावशी म्हणत. मुलीचे आईबाप दोघंही दवाखान्यात कामाला, आणि त्या दिवशी दोघांची रात्रपाळी.

"पोरीच्या खोलीची कडी निखळलीय. आत्ताच बसवून द्या," मावशी म्हणाली.

"उद्या सकाळी येतो की."

"नको हो. पोरगी झोपेत चालते. जिन्यावरून पडली तर माझ्या जिवाला घोर!"

ते पटण्यासारखं होतं. मिस्त्री पिशवी घेऊन गेला.

खोली लहान. खिडकी नाही. दाराला बाहेरच्या बाजूने जुनी भोकं होती, बुजवून पुन्हा पाडलेली.

"किती वेळा बसवली ही?"

"आपोआप निघते मेली. तुम्हा लोकांचं कामच कच्चं."

मिस्त्रीला लागलं ते. त्याने बोटभर लांबीचे चार स्क्रू काढले. "ही निघाली तर नाव बदलीन."

मावशीने मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. मिस्त्री काम करता करता म्हणाला, "काय गं ठमाकाकू, झोपेत कुठं फिरायला जातेस?"

मुलीने आधी मावशीकडे पाहिलं. मग खाली.

दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, रंग खरवडलेला होता. पोरं करतात असले उद्योग, असं मनाशी म्हणत मिस्त्रीने शेवटचा स्क्रू आवळला.

त्याची एक पद्धत होती. काम झालं की दार बंद करायचं, कडी घालायची आणि कडीजवळ बोटाने दोनदा ठोकायचं. लाकूड पोकळ वाजलं तर स्क्रूने धरलेलं नाही. भरीव वाजलं तर काम पक्कं.

त्याने ठोकलं. टक टक.

भरीव वाजलं.

मग आतून... टक टक.

खालून. गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

मिस्त्रीने मागे पाहिलं. मुलगी मावशीजवळच उभी. घरात चौथं कुणी नाही.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "पाइप वाजतो तो..."

मिस्त्रीने पुन्हा ठोकलं. तीनदा.

आतून तीनदा.

मग मुलगी पहिल्यांदाच बोलली. "काका, तो आहे."

"कोण, बाळा?"

"मावशीच्या आधीच्या घरचा. माझ्यापेक्षा छोटा आहे. तो मावशीबरोबर आलाय." ती थोडी थांबली. "तो म्हणतो, दार उघड ना..."

मावशीच्या हातातून मनगट सुटलं.

"तो... तो तर तापाने..."

ती उलट्या पावली सरकत गेली आणि तशीच अनवाणी बाहेर पळाली.

मिस्त्रीने मुलीला उचललं. तिची बाही वर सरकली. दंडावर काळेनिळे डाग. बोटांचे.

भिंतीवर लिहिलेला नंबर पाहून त्याने बापाला फोन लावला, डागांचं सांगितलं.

"मावशी? अहो, काहीतरीच काय! ती घरातल्यासारखी आहे."

"साहेब, तुम्ही या. दोघंही या. तोवर पोर माझ्या मांडीवरून उतरणार नाही."

तो तिला घेऊन तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. आतून आवाज येतच होता. टक टक... टक टक... मुलगी झोपली. मिस्त्रीने डोळे मिटले नाहीत.

आईबाप आले, तसा आवाज थांबला. आईने बाही वर केली. एकेक डाग पाहिला. मग आईनेच पोलिसांना फोन केला.

बाप खोलीशी गेला. त्याने कडीला हात लावला... आणि कडी त्याच्या हातात आली.

एकही स्क्रू नव्हता.

दार उघडलं. आत, फरशीवर, चारही स्क्रू एका ओळीत ठेवलेले. बाहेरून आवळलेले. बंद दाराच्या आत.

काका थांबले. लंब्या हळूच म्हणाला, "मग ते... कुणी काढले?"

काका उठले, अंधारात चपला चाचपू लागले. लाइट काही आली नाही.

काल सकाळी मी शटर उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक, एक माणूस, कडी मागायला आला. मोठी, मजबूत हवी म्हणाला. मी मुखदुर्बळ, मान खाली घालून माल देतो, कुणाला काही विचारत नाही. पण काल कडीचं पाकीट हातातून सुटेना.

"आतून लावायची की बाहेरून?"

"बाहेरून."

मी पाकीट परत खणात ठेवलं. काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"आत कोण झोपतं?" मी विचारलं.