तोदोस सांतोसचे घोडे बघायला

पेत्रोनाला गप्प बसणं जमलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

वेवेतेनांगोहून शेला शहराला जाणारी बस खच्चून भरली होती. तिच्या शेजारी एक तरुण बसला होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार, भरतकाम केलेली रुंद कॉलर... म्हणजे डोंगरातल्या तोदोस सांतोसचा, ते सांगायलाच नको. मांडीवर अर्धी झालेली पिशवी आणि हातात क्रोशाची सुई. वळण आलं की तो तिच्या अंगावर झुकायचा, "माफ करा हं" म्हणायचा आणि पुन्हा विणायला लागायचा. पाच वळणं गेली, सहा गेली...

"तीन ओळी मागे टाका सुटलाय," पेत्रोना शेवटी म्हणाली.

"कुठे?"

तिनं बोट ठेवलं. त्यानं पिशवी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"आमच्या गावात पिशव्या पुरुषच विणतात," तो जरा फुगून म्हणाला. "आठव्या वर्षापासून विणतोय मी."

"मग आठव्या वर्षापासून टाके सुटत असतील."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग असा काही हसला, की पुढच्या बाकावरच्या टोपलीतली कोंबडीसुद्धा फडफडली. धागा ओढून त्यानं तिन्ही ओळी सरळ उसवून टाकल्या.

"आता शेला येईपर्यंत लक्ष ठेवा माझ्यावर."

तिनं ठेवलं. पुढचे दहा महिनेही ठेवलं. पेत्रोना मूळची नावाला गावची, शेलाच्या एका दवाखान्यात नर्स होती. रोसेंदो तिथंच मारिंबा नावाचं वाद्य बनवणाऱ्या कारखान्यात त्याच्या लाकडी पट्ट्या तासायचा. रविवारी दोघं बागेत भेटायचे, मक्याच्या गरम आतोलचा एकेक पेला घेऊन तासन्‌तास बसायचे. लग्नाचं मात्र कोणीच बोलत नव्हतं. तो बोलायला जायचा, आणि मध्येच लाकडाच्या जातींवर घसरायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी तो म्हणाला, "सणाला आमच्याकडे येतेस? घोड्यांची शर्यत असते... बघण्यासारखी."

"नुसते घोडेच बघायचे?"

"घोडे... आणि आई."

रात्री रोसेंदोच्या आत्याकडे झोपायचं, या अटीवर पेत्रोनाच्या वडिलांनी दोन दिवसांची परवानगी दिली.

पाच तासांचा प्रवास करून दोघं पोचली, तेव्हा दुपार असूनही धुकं छपरांवर बसलं होतं. रोसेंदोची आई, फाउस्तिना, चुलीपुढे मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तिला फक्त माम भाषा यायची. पेत्रोनाला किचे आणि स्पॅनिश. मध्ये दुभाषा एकटा रोसेंदो.

"नान," पेत्रोनानं हाक मारली. आईच्या वयाच्या बाईला मानानं नान म्हणायचं, एवढं दोन्ही गावांत सारखंच होतं. मग मक्याच्या पिठाकडे बोट दाखवून ती किचेत म्हणाली, "इशीम."

"इशीन," फाउस्तिनानं दुरुस्त केलं.

"इशीम!"

"इशीन!"

दोघी हसल्या. पेत्रोनाच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. मग फाउस्तिनानं हात पुसले आणि पेत्रोनाच्या अंगातल्या उइपीलची, त्या हातानं विणलेल्या सैल पोलक्याची, कड सरळ उलटी करून आतले धागे पाहिले.

"कोणी विणली, विचारतेय," रोसेंदो म्हणाला.

"मीच. कमरेच्या मागावर."

फाउस्तिनानं मान डोलावली. आत जाऊन ती लालभडक, नवी कोरी उइपील घेऊन आली आणि पेत्रोनाच्या मांडीवर ठेवली. "सहा महिने लागले विणायला," रोसेंदो भाषांतर करत म्हणाला. "या घरात येणारी मुलगी या गावची उइपील घालते... म्हणतेय."

पेत्रोनानं नक्षीवरून हात फिरवला. काम देखणं होतं. पण तिच्या स्वतःच्या अंगावर नावालाचा दोन डोक्यांचा गरुड होता. आईच्या शेजारी बसून, चुकत-माकत, रडत विणायला शिकलेला.

"नान, फार सुंदर आहे ही," ती सावकाश म्हणाली. "सणाला मी आनंदानं घालीन. पण रोज मी माझ्या गावचीच घालणार. ती सोडली तर... माझी मीच मला ओळखू येणार नाही."

रोसेंदोनं घसा साफ केला आणि माम भाषेत दोन शब्द बोलला.

फाउस्तिनानं भुवया उंचावल्या आणि काहीतरी विचारलं. रोसेंदोचे कान लाल झाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतेय, पोरगी एवढं बोलली आणि 'छान आहे' एवढंच?"

"तू 'छान आहे' सांगितलंस?"

"अगं, तिला वाईट वाटू नये म्हणून..."

"रोसेंदो, नीट सांग. एक शब्द गाळू नकोस. नाहीतर उद्या सकाळच्या बसनं मी जाते, घोडे तुझे तू बघ."

त्यानं सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. फाउस्तिनाचा हात तव्यावर थांबला. ती उठली आणि तडक आत गेली.

"संपलं," रोसेंदो पुटपुटला.

पेत्रोनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, म्हणून तिनं ती उलटली. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काहीच नव्हतं.

आत पेटीचं झाकण वाजलं. फाउस्तिना बाहेर आली ती एक जुनी, पांढरी उइपील छातीशी धरून. घड्यांवर पिवळे डाग पडले होते. ती बोलायला लागली, आणि रोसेंदो एकेक वाक्य अडखळत सांगत गेला.

"ही सान हुआन आतितानची... डोंगरापलीकडे आईचं माहेर. सतरा वर्षांची असताना लग्न होऊन आली. पहिल्याच दिवशी सासूनं ही काढायला लावली, लाल दिली. ती म्हणतेय... मला कोणी विचारलं नव्हतं. आणि या मुलीसारखं मला बोलताही आलं नाही."

तो आईकडे वळला. "आई, हे तू मला कधी बोलली नाहीस!"

"तू तरी कधी विचारलंस?" फाउस्तिना म्हणाली. हे पेत्रोनाला भाषांतराशिवाय कळलं.

ती उठली आणि फाउस्तिनाला बिलगली. दोघींच्या मध्ये ती जुनी उइपील चुरगळली, पण कोणी ती सोडवायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेत्रोना लाल उइपील घालून निघाली, स्वतःच्या खुशीनं. आणि फाउस्तिना पांढरी घालून. खांद्यात घट्ट झाली होती, तरी ती ताठ चालत होती. शेजारीण दारातूनच ओरडली, "काय गं फाउस्तिना, माहेरी निघालीस की काय?"

"माहेरच आलंय माझ्याकडे," फाउस्तिनानं ठणकावलं.

शर्यतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं खेटून उभी होती. मारिंबा वाजत होता. कुंपणाशी रोसेंदो पेत्रोनाच्या शेजारी उभा राहिला. लाल रंगात ती अशी काही दिसत होती, की त्याला घोड्यांकडे बघायची शुद्ध नव्हती.

"समोर बघ," ती म्हणाली.

"बघतोय की."

"घोडे त्या बाजूला आहेत." मग हळूच, "रोसेंदो... पाच तास बसमध्ये बसवून आणलंस. काही बोलायचं होतं ना?"

तो बोलला. पण नेमके त्याच वेळी घोडे धडधडत गेले आणि तिला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले.

"काय? ऐकू नाही आलं!"

"माझ्याशी लग्न करशील का?" त्यानं जीव तोडून ओरडून विचारलं. तोवर घोडे लांब गेले होते आणि मारिंबाही दम घ्यायला थांबला होता. अख्ख्या कुंपणानं वळून पाहिलं.

पेत्रोना कानापर्यंत लाल झाली.

"हो," ती म्हणाली. "करीन. पण तू ओरडू नकोस रे..."

माणसं हसली, कोणीतरी शिट्टी मारली. रोसेंदोला हातांचं काय करावं कळेना.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काय... भूक लागलीय मला. चल."

गर्दीतून वाट काढताना त्यानं तिचा हात धरला, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. तिनं सोडवून घेतला नाही. त्यांच्या चार पावलं पुढे फाउस्तिना चालली होती. भर रस्त्याच्या मधून, पांढरी उइपील घालून, कोणालाही वाट न देता.