ओठांवरची ओल

दगडाला रसायन पाजायचं, हे आमचं काम. ऊन-पावसानं भुसभुशीत झालेला जुना दगड आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग ब्रशनं रसायन मुरवायचं. सात दिवसांत तो आतून घट्ट होतो. एकदा मुरलेलं रसायन पुन्हा बाहेर काढता येत नाही, कोणालाच.

त्या दुपारी काम साधंच होतं. एका थडग्यावर कोरलेली, झोपलेली बाई. सगळी खडखडीत कोरडी होती, पण ओठांना ओलमापक लावला की काटा हलायचा. पक्क्या छपराखाली, भर उन्हाळ्यात, रोज.

काम मला ताईनं शिकवलं. माझी थोरली बहीण. "अजून चार दिवस थांब," ती म्हणाली. "ओल आत कोंडली तर..."

"तर काय, बाई गुदमरेल?"

ताई हसली नाही. ती चहाला गेली आणि मी तिचाच ब्रश उचलून ओठांवरून फिरवला. घाई नडली मला, दुसरं काही नाही. दगडानं रसायन घटाघटा ओढून घेतलं.

त्याच संध्याकाळी ताईला धाप लागली. तिसऱ्या दिवशी तिला जिना चढवेना. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी तिच्या पाठीवर बोटानं वाजवून पाहिलं. दगड आम्ही असाच वाजवून बघतो. कच्चा असला तर बद्द वाजतो, घट्ट झालेला टणटणीत. ताईची पाठ टणटणीत वाजली. डॉक्टरांनी पुन्हा वाजवलं.

मी थडग्याकडे धावलो. तीन दिवस ते ओठ द्रावकानं पुसत राहिलो. हातांची सालटी निघाली. "बाई, चूक माझी आहे... तिला सोड..." द्रावक नुसतं ओघळून जात होतं आणि काटा शून्यावर होता. मला रडू आवरेना.

आज सातवा दिवस. सकाळी ताई उशीला टेकून बसली होती. "आता बरंय रे," ती म्हणाली. "धाप लागतच नाही."

मी पिशवीतून ओलमापक काढला. बिघडला नाही ना, म्हणून आधी माझ्याच ओठांना लावला. काटा झटकन हलला. मग तिच्या ओठांना लावला.

"किती दाखवतोय रे?" तिनं विचारलं, रोज कामावर विचारायची तसंच. ती बोलत असतानाही काटा शून्यावरच होता.