पट्टा धरणारा

त्या दुपारी मी फक्त एक फोटो शोधायला स्टुडिओत गेलो होतो. दादाचा. दादाला जाऊन दोन आठवडे झाले होते आणि आईला भिंतीवर लावायला त्याचा चेहरा हवा होता. काचवाले काका फ्रेम तयार करून बसले होते.

"बारा वर्षं लग्नांचे फोटो काढले यानं," काका म्हणाले, "साऱ्या जगाचे दात याच्याकडे जमा आहेत. आणि याचा स्वतःचा एक फोटो नाही?"

खरंच नव्हता. ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत कुठून येणार? ओळखपत्रावरचा होता, पण त्यात तो चोरासारखा दिसतो. आई म्हणाली, "हा नको. हा माझा नाही." मी तिला सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत आणतो. कुठूनही आणतो.

स्टुडिओचं शटर मी आतून खाली ओढलं. नाहीतर शेजारचे दुकानदार पुन्हा "कसं झालं रे?" विचारायला आले असते. आत काळा पडदा, धूळ आणि तापलेल्या बॅटऱ्यांचा वास. कॉम्प्युटर सुरू केला तर त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घुरघुरायला लागला.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नवरानवरी पुढे चालत येतात, तेव्हा व्हिडिओवाला त्यांच्यासमोर उलटा चालतो. डोळा कॅमेऱ्यात. मागे पायरी आहे की खुर्ची, त्याला दिसत नाही. म्हणून एकजण त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरतो. पट्टा ओढला की थांबायचं. दोन हलके झटके दिले की मागे मोकळं आहे, ये. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून दादाचा पट्टा मीच धरायचो. "हे माझे मागचे डोळे," असं सांगून तो माझी ओळख करून द्यायचा.

दादाने शूट केलेल्या शेवटून दुसऱ्या लग्नात मी मोबाइल बघत होतो. पट्टा सुटला. दादा खुर्चीवर आपटला आणि चारचौघांत माझ्यावर ओरडला, "बारक्या, माझा जीव तुझ्या मुठीत असतो. कळतं का तुला?"

"मग दुसरी मूठ शोध," मी म्हणालो.

पुढच्या लग्नाला मी गेलो नाही. आई मावशीकडे होती. दादा दोन्ही कॅमेरे घेऊन एकटाच निघाला. दारात थांबून, लेन्सला झाकण लावत म्हणाला, "येतोस का?" मी भिंतीकडे तोंड केलं. तो गेल्यावर आतून कडी लावली आणि झोपलो. दुपारी आईने दार बडवून बडवून मला उठवलं, तेव्हा दादा उरला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, गुडघ्याएवढा कठडा. सगळं वऱ्हाड एका फोटोत बसवायला तो मागे मागे सरकत गेला. एकटाच होता, असं प्रत्येकाने पोलिसांना सांगितलं.

तर मी बारा वर्षांची लग्नं उघडली. कुठे आरशात दादा दिसायचा, पण चेहऱ्यावर कॅमेरा. कुठे गाडीच्या काचेत. तीन तासांत मला त्याचा एक कान सापडला, एक कोपर सापडलं, बूट तर ढीगभर. चेहरा नाही. मी वेड्यासारखा एकामागून एक फाइल उघडत गेलो. शेवटी फक्त त्या दिवसाचं मेमरी कार्ड उरलं.

पोलिसांनी परत दिलेली बॅग मी उघडलीच नव्हती. दादाच्या हातातला कॅमेरा फुटला होता. दुसरा कॅमेरा गच्चीच्या कोपऱ्यात स्टँडवर सुरूच राहिला होता. त्यातलं कार्ड तसंच होतं; अपघात म्हणून पोलिसांनीही ते पाहिलं नव्हतं. ठरवलं. बघायचं.

दुपारचं ऊन. समोर रांगा करून उभं वऱ्हाड. बाजूने दिसणारा दादा, आणि त्याचा आवाज...

"मामा, पोट आत घ्या! तुमच्या पोटामागे दोन आत्या हरवल्यात!"

सगळे हसले. मीही हसलो.

दादाच्या मागे कुणीतरी उभं होतं.

निळा चौकड्यांचा शर्ट. तोच शर्ट स्टुडिओत बसलो होतो तेव्हाही माझ्या अंगात होता. कॅमेऱ्याकडे पाठ. स्वतःची मान कुणी बघत नाही, पण व्हिडिओंतल्या आरशांत, काचांत मी दादाच्या मागची माझी मान कितीदा पाहिली आहे. ती ओळखायला मला वेळ लागला नाही. त्याने डाव्या हाताची दोन बोटं दादाच्या पट्ट्यात घातली. मी घालतो तशीच.

दादा थांबला. मागे न बघताच हळू म्हणाला, "आलास?... मला वाटलं, रुसलास."

आणि मग त्याने मान वळवली. हसला. पूर्ण चेहरा, डावीकडून ऊन, अगदी स्पष्ट. आईला हवा होता तसाच.

मी चित्र थांबवलं. फोटो मिळाला होता. तिथेच उठायला हवं होतं. पण उठलो असतो तर आयुष्यभर मी स्वतःलाच घाबरत राहिलो असतो. मी पुन्हा सुरू केलं.

दादाने डोळा कॅमेऱ्याला लावला. "बारक्या, किती आहे रे मागे?"

मागचा पट्टा न सोडता बाजूला सरकला. दादाची टाच कठड्यापासून वीतभर होती. पट्टा धरणाऱ्याने हलकेच झटका दिला... एक... आणि दुसरा.

मोकळं आहे. ये.

दादा आला. बोटं सुटली.

किंकाळ्या, पळापळ. वऱ्हाड कठड्याकडे धावलं, मग जिन्याकडे. निळ्या शर्टाच्या अंगावरून, आजूबाजूने लोक गेले, एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. गच्ची रिकामी झाली. तो तिथेच उभा. मग त्याची मान सावकाश वळायला लागली... मी डोळे मिटले नाहीत. कोण आहे ते बघायचंच होतं. गाल दिसला, कानाची पाळी दिसली... आणि कार्ड भरलं. पडदा काळा.

मी फोटो छापला. पट्ट्यावरचा हात कापून टाकला. काकांनी तासाभरात तो फ्रेममध्ये बसवला, आणि संध्याकाळी दादा भिंतीवर आला.

आई बराच वेळ काचेवरून बोटं फिरवत राहिली. "तुला बघितलं की असाच हसायचा," ती म्हणाली.

"आई," मी म्हणालो, "मी त्या दिवशी घरी होतो. झोपलो होतो. तूच उठवलंस ना मला?"

ती वळली. कपाटाकडे गेली, कपड्यांच्या घडीखालून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लेन्सचं झाकण. कडेला दादाने स्वतः दिलेला पांढरा ठिपका. शूटिंग सुरू झालं की तो ते माझ्या खिशात टाकायचा, हरवू नये म्हणून.

"तुझ्या शर्टात निघालं," आई म्हणाली. "त्याच रात्री, कपडे भिजवताना."

"आई, अगं मी कडी लावून..."

"मी कुणाला सांगितलं नाही," तिने माझी मूठ बंद केली. "सांगणारही नाही. आता तूच एक उरलायस मला."

ती आत गेली. मी बॅगेतून दादाचा फुटका कॅमेरा काढला. लेन्स तेवढी शाबूत होती. झाकण लावून पाहिलं.

टक् करून बसलं.