शहाण्णव दातांचं चाक

सकाळी नऊ वाजता सूतगिरणीच्या चौथ्या मशीनमधून लोखंडाचा तुकडा उडाला आणि शेजारी उभ्या सेल्वीच्या मनगटात घुसला. अकरा वाजता कारखाना निरीक्षक वडिवुक्करसी कोइंबतूरहून पोचल्या, तेव्हा सेल्वी इस्पितळात होती. मशीन चालवणारी पोन्नुत्ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात बडतर्फीचा कागद होता. दोन वाजता पाळी संपायच्या आत त्यावर तिची सही हवी होती.

"हिचा आकडा चाकांत पडला," फोरमन तिरुवेंगडम म्हणाला. कापूस ओढायचा वाकडा आकडा त्याने पुढे धरला. "लहान चाकाचा एक दात गेला, मोठ्याचे तीन दुखावले. एका झटक्यात झालं, अम्मा."

वडिवुक्करसींनी झाकण काढायला लावलं आणि एकेका दातावर बोट ठेवून मोजलं. मोठं चाक, दात शहाण्णव. लहान चाक, तुटका धरून एकतीस. मोठ्या चाकाच्या तीन दुखावलेल्या दातांवर त्यांनी खडूने खुणा केल्या. तिन्ही एकमेकांपासून लांब होते, आणि त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांतल्या एकाचं टोक मात्र नुकतंच उडालेलं.

"हे लहान चाक कधी बसवलं?"

"वर्ष झालं. तक्त्यात एकतीस दातांचंच लिहिलंय."

"बदललं नाही कधी?"

"कशाला बदलू?"

"फिटर कुठे आहे?"

"किट्टुसामी? पंधरा दिवस झाले, पळनीला गेलाय. नातीचं जावळ आहे."

"मग त्याच्या चाकांच्या-हत्यारांच्या कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडे. आणखी कुणाकडे असणार?"

त्या पोन्नुत्ताईकडे वळल्या. "आकडा कुठे ठेवला होतास?"

"खुंटीला. सेल्वीला घेऊन मी गाडीत बसले, तेव्हा तिथेच होता. परत आले तर चाकांत."

"आधी काही आवाज?"

"आठ दिवस ठकठक चालली होती. यांना सांगितलं. म्हणाले, गिरणीत कापूस भरपूर आहे, कानात घाल."

तिरुवेंगडम हसला. वडिवुक्करसी हसल्या नाहीत. मशीनभोवती त्या येरझारा घालू लागल्या. थांबत, पुन्हा मोजत. एकतीसला दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. सहा सक छत्तीस, म्हणजे पुढे बघायची गरज नाही. एकतीस मूळ संख्या. मग त्यांनी एका खुणेपासून दुसरीपर्यंतचे दात मोजले. बत्तीस. तिथून तिसरीपर्यंत बत्तीस. तिथून परत पहिलीपर्यंतही बत्तीस.

दीड वाजता त्यांनी मालक वेलायुधम यांना बोलावून घेतलं.

"मुदलाळी, लहान चाकाचा मोडका दात मोठ्या चाकाच्या कुठल्या दातांवर आदळेल?"

"ते मला काय ठाऊक?"

"लहान चाक एकतीस दातांचं असेल तर फिरत फिरत एकूण एक दातावर. एकतीस मूळ आहे, आणि शहाण्णवला त्याने भाग जात नाही. कडा घासल्यात, म्हणजे हे एका झटक्यात नाही, दिवसेंदिवस झालंय; तसं तर सगळे शहाण्णव दात दुखावले असते. इथे फक्त तीन दुखावलेत, बरोबर बत्तीस-बत्तीसच्या अंतरावर. बत्तीस त्रिक शहाण्णव. बत्तीस दातांच्या चाकाचा मोडका दात दर वेळी त्याच तिघांवर येतो. आठ दिवसांची ठकठक तीच होती, आणि आज त्या तिघांतल्याच एकाचं टोक उडून सेल्वीला लागलं."

"पण इथे तर एकतीसचंच आहे," वेलायुधम म्हणाले.

"आत्ता आहे. एक दात वाढवला की मशीन जोरात पळतं, सूत जास्त निघतं. म्हणून या फोरमननी बत्तीस दातांचं चाक घुसवलं. ते घट्ट बसलं आणि त्याचा दात मोडला. आज सकाळी सगळे सेल्वीला घेऊन धावले, तेव्हा यांनी जुनं चाक परत बसवलं, त्याचा एक दात हातोडीने उडवला आणि हिचा आकडा आत टाकला. फिटर इथे नव्हता. किल्ली एकाकडेच होती."

तिरुवेंगडम म्हणाला, "हा नुसता हिशोब आहे."

"मग कपाट उघडा."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. किल्ली शेवटी वेलायुधमनी काढून घेतली. ग्रीसच्या डब्यामागे, फडक्यात गुंडाळलेलं चाक निघालं. पोन्नुत्ताईने मोडका दात धरून ते स्वतः मोजलं. बत्तीस.

"मुदलाळी, तुम्हीच म्हणाला होता ना, माल वाढवा," तिरुवेंगडम खालच्या आवाजात म्हणाला.

वेलायुधम पोन्नुत्ताईकडे वळले. बडतर्फीचा कागद घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. "जा, पाचव्या मशीनवर उभी राहा."

पोन्नुत्ताईने कागद दिला नाही.

"आधी त्याचे दात मोजा," ती म्हणाली. "मग सहाव्याचे. सगळ्यांचे. तोवर कुणीही बाई मशीनला हात लावणार नाही."

वडिवुक्करसींनी खडू तिच्या हातात दिला.