कापून टाकलेले श्वास

जिवंत होता तेव्हा त्याला दारात उभं केलं नाहीत, आणि आता त्याच्या मढ्याच्या गळ्यात गळा घालताय? माणसाला एकदा मारून तुमचं भागत का नाही?

गाडी चालवताना व्हर्ना मेबरी स्वतःशीच बोलत होती. कोणाला उद्देशून, ते तिलाही सांगता आलं नसतं. काम साधं होतं. बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसला यायचं, टेपवर आधीच असलेल्या एका गाण्याला वरच्या सुरात साथ द्यायची आणि उजेड असेतोवर घरी परतायचं.

गाणं ड्वेन टार्पलीचं होतं. ड्वेन आर्कान्साच्या कापूसपट्ट्यातला. नॅशव्हिलच्या कंट्री गाणंवाल्यांनी त्याचे खांद्यापर्यंतचे केस बघून त्याला मंचावरून उतरवलं. लॉस एंजेलिसच्या रॉकवाल्यांनी त्याचं गावरान धाटणीचं स्टील गिटार ऐकून ‘गोठ्यातून उठून आलाय’ म्हणत दात काढले. मग तो ट्रकवाल्यांच्या दारूअड्ड्यांत गात फिरला आणि व्हर्ना त्याच्या शेजारी. त्याला दमा होता. दौरा थांबू नये म्हणून रेकॉर्ड कंपनीचाच डॉक्टर त्याला जागं ठेवणाऱ्या गोळ्या द्यायचा. प्रकृती ढासळली तसा कंपनीने करारही मोडला. बार्स्टो गावच्या एका मोटेलात त्याचा श्वास अडकला तो अडकलाच. वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच कंपनीला आता तो ‘काळाच्या पुढचा कलावंत’ वाटू लागला होता.

स्टुडिओला खिडकी नव्हती. जाड दार मिटलं आणि बाहेरचं टळटळीत ऊन, रहदारी, सगळं पुसलं गेलं. गालिच्याला शिळ्या सिगारेटींचा वास होता. काचेपलीकडच्या खोलीत निर्माता क्रॅन्शॉ, यंत्रांपाशी ओडेल आणि कोपऱ्यात मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या म्हाताऱ्या बाई, नंतर व्हायोलिन वाजवायला बोलावलेल्या.

ड्वेनच्या रांगड्या गाण्यात व्हायोलिन! व्हर्नाने ओठ चावला आणि कानांना हेडफोन लावले.

ड्वेनचा आवाज आला. ती चुकली. पुन्हा लावलं, पुन्हा ती मागे पडली.

“झोप लागली का गं?” क्रॅन्शॉने विचारलं.

“तो श्वास घेत नाहीये.”

“मेलाय तो, राणी.”

“टेपवर म्हणतेय मी. ओळीच्या आधी त्याची छाती वाजायची. त्यावरच मी सूर उचलायचे. कुठे गेले ते श्वास?”

“दमेकऱ्याची घरघर कोण विकत घेणार? ओडेलने ब्लेडने टेपमधून एकेक कापून काढलीय. बघ, कसा गुळगुळीत गातोय आता.”

ओडेल मान खाली घालून बसला होता.

“परत जोडा,” व्हर्ना म्हणाली.

“कचऱ्यात गेले ते. जमत नसेल तर तसं सांग. पोरींची रांग लागलीय बाहेर.”

ती निघून गेली असती तर ड्वेनच्या शेजारी कोणी परकी उभी राहिली असती. त्याला एकटं सोडायचं तिच्या जिवावर आलं. ती माइकपाशीच उभी राहिली.

टेप फिरली. आणि ओळ सुरू होण्याआधी तिच्या डाव्या कानामागे, हेडफोनच्या बाहेर, कोणीतरी घरघरत श्वास ओढला...

तो नेहमी उभा राहायचा तिथेच.

मानेवरचे केस हलले. त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा पुदिन्यासारखा वास आला. व्हर्नाने मागे पाहिलं नाही. तिने सूर उचलला, आणि तो नेमका लागला.

ओडेलने टेप थांबवली. “व्हर्ना... ते तू केलंस?”

“काय?”

“श्वास. तुझ्या माइकवर आलाय.”

“पूस,” क्रॅन्शॉ म्हणाला.

ओडेलने पुसला. पुन्हा गाणं झालं आणि पुन्हा तो आला, अधिक जवळून. आता तिला पाठीवर थंडावा जाणवत होता. तरी ती गात राहिली.

“तू बाहेर ये पाहू,” क्रॅन्शॉ चिडून म्हणाला. “माइक चालू ठेव, ओडेल.”

ती माइक सोडून काचेपलीकडे त्यांच्या खोलीत आली. माइकच्या खोलीत आता कोणी नव्हतं. टेप फिरू लागली. स्पीकरमधून ड्वेनचा आवाज आला, आणि प्रत्येक ओळीआधी, जिथे ब्लेड फिरलं होतं बरोबर तिथे, श्वास.

“कापा आता,” व्हर्ना हळूच म्हणाली.

ओडेलने यंत्रावरचा हात काढून घेतला. क्रॅन्शॉने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः बटणावर वाकला. तो तसाच थबकला. तोंड उघडलं, शब्द आला नाही. एका हाताने तो ओडेलला खुणा करत होता... बंद कर, बंद कर.

ओडेलने टेप बंद केली. ड्वेनचं गाणं मध्येच तुटलं.

श्वास थांबला नाही. रिकाम्या खोलीतून येतच राहिला, संथ, खोल. त्यात घरघर उरली नव्हती. धडधाकट छातीचा श्वास होता तो.

कोपऱ्यातून मिसेस लिंडक्विस्ट उठल्या. 

“मिस्टर क्रॅन्शॉ,” त्या म्हणाल्या, “आम्ही वाजवणारी माणसं मुख्य वादकाच्या श्वासावर सुरुवात करतो. म्हणून सवयीने मघापासून तुमच्या छातीकडे बघतेय मी... ती हललेलीच नाही.”