मामासाठी ठेवलेला डबा

"डॉक्टर म्हणतात, बाबांना उंदराचं औषध बाधलंय," भूपेंद्र दारातूनच म्हणाला. "चैताली म्हणते, उज्ज्वलानेच घातलं. आणि मामा, मला बहिणीसमोर 'नाही' म्हणता आलं नाही."

पंडित सरलाबाईंच्या ओट्यावर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. तो भूपेंद्रचा सख्खा मामा. दिंडोलीत रिक्षा चालवायची आणि उरलेल्या वेळात सरलाबाईंच्या मागे हिंडायचं, हा त्याचा उद्योग. सरलाबाई खासगी तपास करत. बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. भूपेंद्रसाठी उज्ज्वलाचं स्थळ मात्र पंडितने कसलीही चौकशी न करता आणलं होतं. घरचीच पोरगी, तिची काय चौकशी करायची! तेच आता त्याला खाऊ लागलं.

"कधी झालं?" सरलाबाईंनी विचारलं.

"काल रात्री. जेवण झालं आणि बाबांच्या नाकातून रक्त यायला लागलं, थांबेचना. त्यांना दात नाहीत, म्हणून उज्ज्वला त्यांची खिचडी वेगळी करते, मऊ. उद्या हवालदार जबाब घ्यायला येणार. चैताली उज्ज्वलाचं नाव सांगणार आहे. बाई, ती तुरुंगात गेली तर..."

"रिक्षा काढा, पंडितभाऊ."

वाटेत पंडितचं तोंड सुटलं. मन जड झालं की तो जास्तच बोले.

"माझी बहीण प्रमिला, तिच्या घराला दृष्ट लागली हो! तशी माणूस चिकट. मागे फोनवर बोलत होतो, तर मधेच सुनेला सांगताना ऐकली, 'त्या डबाले हात लावू नको. लाडू मामासाठे शेतस.' मी खूश! रविवारी मुद्दाम गेलो नवागामला. मिळालं काय? कोरा चहा! लाडवाचं नावसुद्धा नाही. मीही विचारलं नाही. मागून खायचं का माणसाने?"

"रुसलात म्हणा की."

"रुसलोच!"

सरलाबाई हसल्या.

दवाखान्यात डॉक्टर घाईत होते. "या औषधाने रक्त गोठायचं थांबतं. पण खाल्लं आणि लगेच झालं, असं होत नाही. मधे काही दिवस जातात. थोडं थोडं पोटात गेलेलं दिसतंय. वेळेवर आणलं म्हणून निभावेल."

कॉटवर भूपेंद्रचे बाबा, पोपटदादा, वाळून गेले होते. सगळी हयात लूमवर कापड विणण्यात गेलेला माणूस, कानाने अर्धा बहिरा. पंडितला पाहून म्हणाले, "ही पेज नको रे माले. घर जाऊ दे. घर हल्ली गोडधोड भेटस."

नर्सने दोघांना बाहेर काढलं.

नवागामच्या खोलीत चैताली कमरेला पदर खोचून उभीच होती. ती बमरोलीहून रात्रीच धावत आली होती. "वहिनीलाच विचारा. बाबा तिला मिठावरून, पाण्यावरून सारखे टोकायचे. खिचडी कोणी केली? तिनेच ना?"

उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे सुजले होते. पंडित दिसताच उठली. "मामा बरे आहेत ना?"

"मला काय धाड भरलीय?" पंडित म्हणाला. मग जीभ चावली. ती सासऱ्याबद्दल विचारत होती. "हां हां, दाजी बरे आहेत."

"खिचडी मीच केली होती," ती सरलाबाईंना म्हणाली. "डाळीत काही पडलं असेल. मी नीट निवडली नसेल. माझीच चूक असेल, बाई."

पंडितला वाटलं, आरोपी असं बोलायला लागला की तपास आटोपला. आपण या पोरीला कुठे आणून टाकलं! त्याने मान खाली घातली.

प्रमिलाबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सरलाबाई खोलीभर फिरल्या. ज्वारीचं पोतं खालून कुरतडलेलं होतं. कोपऱ्यातल्या बिळात चिंधी कोंबली होती. मोरीत रात्रीची भांडी खरकटी पडली होती, आणि दाराबाहेर उन्हात एकच स्टीलचा डबा लख्ख घासून पालथा घातला होता.

"उंदीर फार झालेत वाटतं?" सरलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

प्रमिलाबाईंचं बोट झटकन ओठांवर गेलं. "नाव नका लेवू बाई! तो आयकस. मंग कपडा कुरतडस."

"औषध ठेवलं होतं का कधी?"

"नही. कधीच नही."

सरलाबाईंनी पंख्याखाली येऊन पदराने घाम पुसला. "भूपेंद्र, दार लोटून घे. सगळे बसा. पंडितभाऊ, तुम्हीही. लाडू तुम्हाला का मिळाला नाही, ते सांगते."

"आता लाडवाचं काय काढलंत बाई!"

"खिचडी सोडा. कालच्या खिचडीने काल रक्त येत नाही. हे औषध आधी काही दिवस थोडं थोडं पोटात गेलंय. दात नसलेल्या माणसाला खाता येईल असं काहीतरी, आणि गोड. पोपटदादा स्वतःच म्हणाले, घरी हल्ली गोडधोड मिळतं. उज्ज्वला, काय देत होतीस?"

"लाडू," उज्ज्वला म्हणाली. "रोज सकाळी चहाबरोबर एक. आत्या देवळात गेल्या की. आत्यांनीच केले होते. म्हणाल्या होत्या, मामासाठी..."

ती थांबली.

"बरोबर. सासूला तू आत्या म्हणतेस आणि सासऱ्याला मामा. प्रमिलाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत; तुझ्याशी बोलताना 'मामाला चहा दे, मामाचं धोतर वाळत घाल' असंच म्हणत असणार. पण या घरात आणखी एक आहे, ज्याचं नाव त्या घेत नाहीत. घेतलं तर तो ऐकतो आणि औषधाला तोंड लावत नाही. लहानपणापासून आपण सगळे त्याला काय म्हणतो, पंडितभाऊ?"

पंडितने बिळाकडे पाहिलं. "उंदीरमामा."

"डबा त्या मामाचा होता. रात्री औषध कालवलेला एकेक लाडू बिळाशी ठेवायचा. म्हणून सख्खा भाऊ घरी आला तरी त्याला मिळाला नाही. देवानेच वाचवलं तुम्हाला." सरलाबाई प्रमिलाबाईंकडे वळल्या. "इथपर्यंत चूक. अजाणता झालेली. पण मोरीत भांड्यांचा ढीग असताना तुम्ही एकच डबा घासलात. म्हणजे दवाखान्यातून निरोप आला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तरी गप्प बसलात."

पदर खाली आला. प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लोक म्हनतीन, बाईनी दाल्लाले विष दिन्हं. मी घाबरनू." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू रडी राहिनतीस, आनि मी आयकी राहिनतू. मन्हं तोंडच उघडनं नही, माय."

चैतालीने कमरेचा पदर सोडला. भूपेंद्र बायकोकडे सरकला, पण उज्ज्वलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती आपल्या हातांकडे पाहत होती. "मी लाडू कुस्करून द्यायचे," ती म्हणाली. "त्यांना सोपं जावं म्हणून."

सरलाबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. हे तिला कळणं टाळता आलं असतं तर त्यांनी टाळलं असतं. पण उद्या हवालदार येणार होता. "बिळं सिमेंटने बुजवा. पिंजरा लावा," त्या भूपेंद्रला म्हणाल्या. "धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. आणि विष खाण्याच्या वस्तूत कालवून कधी घरात ठेवू नका. उंदराला ऐकू गेलं तर जाऊ दे. घरच्या माणसांना ऐकू गेलं पाहिजे."

संध्याकाळी पंडित बहिणीला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. उद्या हवालदाराला आपणच सांगायचं, हे तिने कबूल केलं होतं. पण त्याआधी नवऱ्याला सांगायचं होतं. वाटभर पंडितच्या मनात एकच घोळत होतं. त्या रविवारी नुसतं तोंड उघडून 'मामाचे लाडू कुठायत' म्हटलं असतं, तरी सगळं तिथेच थांबलं असतं. तेव्हा अहंकार आडवा आला, आणि बहिणीला बोल लावायला आता तोंड उरलं नव्हतं.

पोपटदादा जागे होते. "लाडू लयनी का?"

प्रमिलाबाईंनी कॉटची दांडी धरली. सगळा वॉर्ड ऐकेल इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "त्या लाडू तुमनासाठे नव्हतात. उंदीरसाठे व्हतात."

म्हाताऱ्याने ते समजायला वेळ घेतला. मग बोळक्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला.

"वाटनंच व्हतं माले," ते म्हणाले. "इतलं तूप तू मन्हासाठे कधी टाकं?"