भिंतीपलीकडची घंटा

ही थाप नाही. क्योतोत, आमच्याच ऑफिसात, ओबोनच्या आठवड्यात, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, भर दुपारी घडलेली गोष्ट आहे.

सानाए मिझोगुची माझ्या शेजारी बसायची. तीन वर्षं ती एका गेमचा मुलुख घडवत होती. डोंगर, नद्या, गवत. मुलुख अवाढव्य, पण खेळणारे लगेच जांभया द्यायचे.

"अंगण मोठं केलंस गं, पण पुढे जावंसं कुठे वाटतं?" आमचे साहेब कुवाबारा करवादले. "आज खेळून बघायला येणारे रमले नाहीत, तर उत्तरेकडचा अर्धा भाग कापणार."

सानाएच्या डोक्यात तिडीक गेली. गावं घातली, किल्ले घातले... सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दुपारी गेम खेळून बघायला कोपऱ्यावरच्या टोफूवाल्या ताकेनोबाई आल्या. त्यांनी पडद्यावरचा आपला गडी थेट उत्तरेला हाकला.

"पलीकडे देऊळ केलंयस वाटतं? घंटा किती गोड आहे गं!"

सानाए चपापली.

गेममध्ये अजून एकही आवाज घातलेला नव्हता...

तिने बाईंचा हेडफोन आपल्या कानाला लावला.

शांतता...

मग डोंगरापलीकडून... टण्ण!

मुलुखाच्या कडेला आम्ही न दिसणारी भिंत घालतो. तिच्यापुढे जमीनच नसते. पलीकडे गेलेला गडी खाली पडतच राहतो. आणि उत्तरेला एक फट बुजवायची सानाए विसरली होती.

बाईंचा गडी त्या फटीतून गेला.

पडला नाही...

चालत राहिला. ठिपका झाला. दिसेनासा झाला.

"केवढं जग हे!" बाईंचे डोळे भरून आले. "संपतच नाही."

साहेब खूश. "काही कापायचं नाही!"

सानाएला रागाने रडू फुटलं. राबली ती, आणि कौतुक तिने न केलेल्या जागेचं! दातओठ खात तिने तिथल्या तिथे फट बुजवली.

टण्ण...

आता जवळून. भिंतीच्या अलीकडून.

पडद्यावर कुणीच नव्हतं. गवत मात्र पावलापावलाने दबत होतं... आमच्या दिशेने.

साहेब ओरडत राहिले, पण सानाएने उत्तरेकडचा अर्धा मुलुख स्वतःच्या हाताने पुसला.

गेम छोटाच बाजारात आला. "जग फार लहान आहे," लोक लिहितात. ती चडफडते, पण रात्री नीट झोपते.

झोपायची, म्हणजे.

परवा एकाने लिहिलं, "दक्षिणेकडे एवढं मोठं जग कसं बसवलंत? दोन दिवस चालतोय, परत यावंसंच वाटत नाही."

दक्षिणेची भिंत आम्ही दोघांनी तपासली. कुठेही फट नाही.

त्या माणसाला आम्ही लगेच लिहून धाडलं, "आत्ताच्या आत्ता मागे फिरा." त्याने ते अजून उघडलेलं नाही...